निकॉन डी७००० जुना झाला: नवी बॉडी घ्यायची की नाही, हे कसं ठरवावं

निकॉनचा डी७००० सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर झाला. १६.२ मेगापिक्सेलचा डीएक्स सेन्सर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान), ३९ फोकस पॉइंट, दोन एसडी कार्डांची सोय आणि जुन्या लेन्स चालवणारी फोकस मोटर बॉडीतच. तो अजूनही बऱ्याच बॅगांमध्ये आहे आणि दिवाळीच्या ऑफर लागल्या की त्याच्या मालकांना एकच प्रश्न पडतो. खालची पद्धत डी७००० धरून लिहिली आहे. तुमच्याकडे डी९०, डी५२००, कॅनन ६०डी किंवा ७००डी असेल तरी पायऱ्या याच, आकडे तेवढे बदलतील. कॅननचा निकाल जिथे वेगळा येतो तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात टाकाऊ फोटोंपासून

नव्या कॅमेऱ्याची माहितीपत्रकं वाचून हा निर्णय होत नाही. तो होतो तुमच्या हार्ड डिस्कवरच्या, कुणालाच न दाखवलेल्या फोटोंवरून. गेल्या वर्षभरातले असे साधारण दोनशे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. प्रत्येक फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून बघा, सोबत शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ वाचा आणि तो का फसला याचं एकच मुख्य कारण लिहा. प्रत्येक कारणाला एक रकाना करा.

कारण ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. फोटोतलं सगळंच, मागची भिंतसुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. मागचं स्थिर आणि माणूस तेवढा पुसट असेल तर शटर स्पीड कमी पडला. डोळे पुसट पण कान किंवा मागच्या माणसाचा सदरा कडक (अगदी स्पष्ट) असेल तर फोकस चुकला. कुठेच काही कडक नाही, ओढही नाही, सगळ्या फोटोवर दुधट थर आहे, तर लेन्सवर तेलकट डाग, धुकट थर किंवा आत बुरशी. रंगीत दाणे दिसतात तो नॉइज. आणि फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक असून नुसताच सपाट असेल तर प्रकाश आणि जागा चुकली. त्या रकान्यावर कुठलीही बॉडी उपाय नाही.

हात हलणं आणि शटर कमी पडणं हे दोन रकाने सर्वात जास्त भरले असतील, तर बॉडीचा विचार सध्या बाजूला ठेवा. चालत्या माणसासाठी १/२५०, नाचणाऱ्या किंवा पळणाऱ्या मुलासाठी १/५००, उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० पासून सुरुवात करा. ऑटो आयएसओ चालू करून किमान शटर स्पीड त्या आकड्यावर बांधून द्या (शूटिंग मेनू, आयएसओ सेन्सिटिव्हिटी सेटिंग्ज) आणि दोन-चार ठिकाणी फोटो काढून पुन्हा मोजा. आयएसओ वाढेल, नॉइज वाढेल, पण फोटो वाचेल. नॉइज कमी करता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

फोकस चुकत असेल तर आधी हे करा

या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण चांगल्या बॉड्या इथेच विनाकारण विकल्या जातात. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा भाग सेन्सरवर नसतो. तो आरशाच्या खाली, वेगळा असतो. आरशापासून त्याचं आणि सेन्सरचं अंतर तंतोतंत जुळलं पाहिजे. कॅमेरा आपटला, किंवा एखाद्या लेन्सची मूळ जुळणीच थोडी वेगळी असली, की प्रत्येक फोटोत फोकस बोटभर पुढे किंवा मागे पडतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघताना, मोजणी थेट सेन्सरवरून होते, त्यामुळे ही चूक तिथे नसते. दोन्हींची तुलना केली की दोष सापडतो.

१. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. अंतर फोकल लेंग्थच्या सुमारे ५० पट ठेवा: ३५ मिमीला पावणेदोन मीटर, ८५ मिमीला सव्वाचार मीटर. कॅमेरा पानाला अगदी समोरासमोर हवा.

२. लेन्सचं अॅपर्चर पूर्ण उघडा. व्हीआर (लेन्समधली, हाताची हालचाल सावरणारी सोय) बंद करा. दिवसाचा भरपूर उजेड असू द्या, आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा.

३. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून तीन फोटो काढा.

४. लाइव्ह व्ह्यू बंद करून मधल्या पॉइंटने पाच फोटो काढा. दर फोटोआधी फोकस रिंग फिरवून फोकस घालवा, म्हणजे प्रत्येक वेळी कॅमेऱ्याला नव्याने शोधावं लागेल.

५. दोन्ही गट संगणकावर शेजारी ठेवून बघा.

लाइव्ह व्ह्यूचे फोटो कडक आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही सारखेच मऊ (किंचित पुसट) असतील, तर जुळणी सरकलेली आहे. सेटअप मेनूतल्या एएफ फाइन-ट्यूनमध्ये −२० ते +२० पर्यंत आकडे आहेत. अधिक केलं की फोकस कॅमेऱ्यापासून लांब जातो, उणे केलं की जवळ येतो. पाच-पाचच्या टप्प्याने बदला, जवळ आलात की एकेकाने. ही नोंद प्रत्येक लेन्ससाठी वेगळी राहते. झूम लेन्सला मात्र एकच आकडा मिळतो, म्हणून ती ज्या टोकाला जास्त वापरता त्या टोकाला जुळवा. बहुतेकांसाठी ते लांबचं टोक असतं. डी९० मध्ये ही सोय नाही. कॅननने ती ५०डीमध्ये दिली, ६०डीमधून काढली आणि ७०डीमध्ये परत आणली. सोय नसेल तर बॉडी आणि लेन्स एकत्रच सर्व्हिस सेंटरला द्या. नुसती बॉडी देऊन उपयोग होत नाही.

पाच फोटोंपैकी दोन कडक आणि तीन वेगवेगळ्या अंतरावर चुकलेले, असं आलं तर फाइन-ट्यूनने काहीच होणार नाही. माउंटवरच्या (लेन्स जोडायच्या कड्यावरच्या) सोनेरी टोकांना आणि लेन्सच्या पट्ट्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पुन्हा बघा. तरीही तसंच राहिलं तर लेन्सच्या मोटरमध्ये दोष शोधा.

लाइव्ह व्ह्यूचेही फोटो मऊ आले तर दोषी लेन्स आहे. टॉर्च लावून लेन्समधून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कापडी बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सना ती सहज धरते. अशी लेन्स नव्या बॉडीला लावलीत तर तोच मऊपणा जास्त मेगापिक्सेलमध्ये मिळेल. साठवणीच्या डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा आणि सिलिका जेल रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा.

आता खरी गोष्ट: भर उजेडात फोकस अचूक, पण अंधारात कॅमेरा पुढे-मागे शोधत राहतो किंवा अंगावर धावत येणाऱ्या विषयावर टिकत नाही, असं होत असेल तर ती डी७००० ची स्वतःची मर्यादा आहे. त्याचा फोकस −१ ईव्ही उजेडापर्यंत काम करतो (ईव्ही हे उजेडाचं माप, एक ईव्ही कमी म्हणजे उजेड निम्मा). त्याच मालिकेतल्या नंतरच्या डी७२०० आणि डी७५०० चा −३ ईव्हीपर्यंत. म्हणजे चौपट कमी उजेडात. ३९ पॉइंटमधले ९ क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे), नव्या दोघांत ५१ पैकी १५. मंडपातल्या बांगड्यांचा विधी, नाटकाचा प्रयोग, रात्रीची विसर्जन मिरवणूक हे ज्यांचं नेहमीचं काम आहे, त्यांच्या टाकाऊ फोटोंत हा फरक लगेच ओळखू येतो.

नॉइजसाठी बॉडी बदलणं सहसा महागात पडतं

सेन्सरची चाचणी घेणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत डी७००० चा अंधारातला गुण ११६७ आहे, डी७२०० (२०१५) चा १३३३ आणि डी७५०० (२०१७) चा १४८३. आकडे मोठे वाटतात, पण ११६७ वरून १४८३ म्हणजे स्टॉपच्या तिसऱ्या भागाइतकी सुधारणा (एक स्टॉप म्हणजे प्रकाशात दुपटीचा फरक). सात वर्षांत एवढीच. सेन्सरचा आकार तोच असेल तर यापेक्षा फार काही मिळत नाही. फुल-फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) डी७५० चा गुण २९५६, म्हणजे सव्वा ते दीड स्टॉप. तो फरक दिसतो, पण त्यासाठी लेन्सही बदलाव्या लागतात.

त्याऐवजी लेन्सकडे बघा. डी७००० सोबत आलेली १८-१०५ लेन्स ३५ मिमीवर एफ/४ च्या आसपास उघडते. ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स लावली की सव्वादोन स्टॉप जास्त प्रकाश येतो: जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे १२५० पुरतो. ८५ मिमी एफ/१.८ घेतली तर त्या फोकल लेंग्थला फरक तीन स्टॉपचा. किंमत नव्या बॉडीच्या तुलनेत थोडी, आणि ही लेन्स पुढच्या बॉडीलाही चालते.

पैसे न घालता करण्यासारखंही काही आहे. अॅडोबीने एप्रिल २०२३ मध्ये फोटो संपादनाच्या लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आणलं. डीएक्सओचं प्युअररॉही तेच काम करतं. दोन्ही रॉ फाइलवर (सेन्सरची मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलवर) चालतात आणि चाचणीसाठी काही दिवस फुकट मिळतात. आयएसओ ३२०० आणि ६४०० वरचे तुमचे जुने दहा एनईएफ (निकॉनच्या रॉ फाइल) त्यातून काढा. चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतील, तेवढा धीर धरा. बऱ्याच जणांचा नॉइजचा रकाना इथेच रिकामा होतो. फक्त जेपीईजीत काढत असाल तर आजपासून रॉ सुरू करा, नाहीतर या सगळ्याचा लाभ मिळणार नाही.

मेगापिक्सेल: कागदावर हिशोब मांडा

डी७००० चा फोटो ४९२८ × ३२६४ पिक्सेलचा. १२ × १८ इंचाच्या प्रिंटवर त्याचे इंचाला सुमारे २७२ पिक्सेल पडतात, हातात धरून बघायला ते पुरेसं आहे. फोर-के पडद्याला ८.३ मेगापिक्सेलच लागतात. १६ वरून २४ मेगापिक्सेलवर गेलात तर रुंदी ४९२८ वरून ६००० होते, म्हणजे २२ टक्के वाढ. भिगवणला टेलीफोटोत जो पक्षी फ्रेममध्ये १००० पिक्सेल रुंद येत होता तो सुमारे १२२० येईल. ३०० मिमीऐवजी ५०० मिमी लेन्स लावली तर तोच १६६७ पिक्सेल होतो. लग्नाच्या १२ × ३६ अल्बममध्ये एकच फोटो पूर्ण दोन पानांवर पसरवला तर डी७००० चे इंचाला १३७ पिक्सेल पडतात आणि २४ मेगापिक्सेलचे १६७. एवढ्यासाठी बॉडी बदलू नये, पानाची मांडणी बदलावी.

निसर्गचित्रं काढणाऱ्यांसाठी निकॉन आणि कॅनन वेगळे

ट्रायपॉड, आयएसओ १००, सकाळचा प्रकाश: इथे डी७००० अजून म्हातारा झालेला नाही. त्याची डायनॅमिक रेंज (गडद ते उजळ भाग एकाच फोटोत टिपायची क्षमता) डीएक्सओमार्कनुसार १३.९ ईव्ही, डी७५०० ची १४.०. त्याच काळातल्या कॅनन ६०डीची मात्र ११.५. सावल्या उजळल्या की ६०डीच्या काळातल्या कॅननमध्ये पट्ट्यांसारखा नॉइज वर येतो. हे २०१६ च्या ८०डीमध्ये बरंच सुधारलं. त्याची रेंज १३.२. त्यामुळे सह्याद्रीतले सूर्योदय काढणाऱ्या ६०डीवाल्याने नव्या सेन्सरकडे जाणं योग्य, डी७०००वाल्याने तेवढ्यासाठी थांबावं. आपल्या कॅमेऱ्यावर तपासायचं असेल तर आकाश न जळेल असा रॉ फोटो घ्या आणि एक्स्पोजर +३ करून खालच्या दगडांकडे बघा.

बॉडी स्वतः किती जगेल

निकॉन शटर काउंट फोटोच्या माहितीतच लिहितो. कार्डावरची मूळ, संपादन न केलेली फाइल एक्झिफटूल या, फोटोची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून 'शटर काउंट' ही नोंद बघा. फाइलच्या नावातला आकडा धरू नका, तो ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो. डी७००० चं शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेलं आहे. त्यानंतर ते बंदच पडतं असं नाही, पण कमाईचं काम असेल तर दुसरी बॉडी सोबत असायला हवी.

शटरची तब्येत अशी बघा: उन्हात पांढरी भिंत, अॅपर्चर स्थिर, शटर १/२५० पासून १/८००० पर्यंत चढवत आयएसओने उजेड जुळवा. वरच्या वेगांना एका कडेला काळी पट्टी किंवा उजेडाचा उतार दिसला तर पडदा सुस्तावला आहे. ही चाचणी ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली करू नका. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेमुळे दिवे लुकलुकतात आणि चांगल्या शटरवरही पट्टे येतात. (हॉलमध्ये असे पट्टे त्रास देत असतील तर १/५० किंवा १/१०० वापरून बघा. डी७५०० मध्ये फोटोंसाठी फ्लिकर रिडक्शन आहे, डी७००० मध्ये ते फक्त लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओपुरतं आहे.)

सेन्सरवरचे डाग एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की दिसतात. आधी हातातल्या ब्लोअरने उडवा, मग डीएक्ससाठीच्या १६ मिमी रुंदीच्या स्वॅबने एकदाच एका दिशेने पुसा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ फोटोत येत नाही, तिला हात लावू नका. अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलं असेल तर ते बदलून मिळतं. डायल एक टिचकी दिली की दोन पावलं उडतो, हा आतल्या संपर्कांच्या मळाचा दोष आहे. बॅटरीचं वय मेनूतल्या बॅटरी इन्फोमध्ये ० ते ४ असं दिसतं. ४ म्हणजे ती बदला, कॅमेरा नव्हे.

शटर गेलं असेल तर दुरुस्तीचं अंदाजपत्रक लेखी मागा. ते तशाच वापरलेल्या चांगल्या बॉडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असेल तर दुरुस्ती करू नये.

बदलायचंच ठरलं तर

अंधारातला फोकस, पळता विषय, रॉमध्ये सलग फोटो (डी७००० साधारण दहा फोटोंनंतर अडखळतो, डी७५०० पन्नासपर्यंत जातो) किंवा व्हिडिओ, यांपैकी एका रकान्यात तुमचे एक तृतीयांश टाकाऊ फोटो पडले असतील, तर बदल सार्थकी लागेल. व्हिडिओला तर मोजणीचीही गरज नाही: डी७००० चं लाइव्ह व्ह्यूतलं फोकस हालत्या माणसासाठी फार सावकाश आहे.

सर्वात कमी छुपा खर्च वापरलेल्या डी७२०० चा. बॅटरी तीच ईएन-ईएल१५, लेन्स त्याच, मोटर बॉडीत, दोन कार्डं. डी७५०० जास्त वेगवान आहे, पण कार्ड एकच, आणि जुन्या मॅन्युअल एआय-एस लेन्सवर त्याचं मीटर चालत नाही. लग्नाचं काम करणाऱ्याने एका कार्डावर विसंबू नये.

मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) जाताना आधी लेन्सची नावं वाचा. जुन्या लेन्स निकॉनच्या झेड मिररलेस बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड आणि एफटीझेड II अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स चालतील, पण ५० मिमी एफ/१.८डी, ८०-२०० एफ/२.८डी किंवा टोकिना ११-१६ ची पहिली आवृत्ती हाताने फोकस करावी लागेल. डीएक्स लेन्स झेड५ किंवा झेड६ सारख्या फुल-फ्रेमवर लावल्या तर कॅमेरा मधला भागच वापरतो आणि फोटो सुमारे १० मेगापिक्सेलचा येतो, तुमच्या डी७००० पेक्षा लहान. म्हणून डीएक्स लेन्स ठेवायच्या असतील तर झेड५०II (नोव्हेंबर २०२४) हा सरळ मार्ग: डोळा ओळखून धरणारा फोकस, २०.९ मेगापिक्सेल. त्याची बॅटरी वेगळी आहे. डी७००० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीत १०५० फोटो देतो, मिररलेस या वर्गात २५० ते ४०० च्या घरात. दोन जादा बॅटऱ्या किमतीतच धरा.

खर्चाची बेरीज अशी करा: बॉडी, अॅडॉप्टर, बॅटऱ्या, कार्डं, वाढीव डिस्क, सॉफ्टवेअर, त्यातून जुन्या बॉडीची किंमत वजा, भागिले किती वर्षं वापरणार. लाइटरूम ६ अजून वापरत असाल तर ते झेड५०II च्या फाइल उघडणार नाही; अॅडोबीच्या फुकट डीएनजी कन्व्हर्टरमधून आधी फाइल बदलून घ्याव्या लागतील. बिल जीएसटीचं आणि वॉरंटी कार्ड भारतातलं आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.

त्याआधी एक शनिवार-रविवार तीच बॉडी भाड्याने घ्या. तुमचीच लेन्स, तीच जागा, तोच उजेड, दोन्ही कॅमेऱ्यांवर आळीपाळीने. तुलना करताना दोन्ही फोटो एकाच मापाला आणा, उदाहरणार्थ लांब बाजू ४९२८ पिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर बघितला तर त्याचा नॉइज उगीचच मोठा दिसतो. फसलेल्यांची मोजणी पुन्हा त्याच रकान्यांत करा.

वापरलेली बॉडी घेताना स्वतःचं कार्ड आणि स्वतःची लेन्स घेऊन जा. शटर काउंट, १/८००० ची भिंत, एफ/१६ चं आकाश, लेन्सचं झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो (रंगीत ठिपके मोजा), दोन्ही कार्डांच्या खाचा, फ्लॅशचा हॉट-शू, आणि माउंटचे स्क्रू खरवडलेले नाहीत ना, एवढं जागेवरच बघून घ्या. खरवडलेले स्क्रू म्हणजे कॅमेरा कुणीतरी उघडला आहे. डी७००० विकला नाहीत तर बॅटरी साधारण अर्धी भरून बाहेर काढून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी शटर थोडं चालवा; दुसरी बॉडी म्हणून त्यावर ३५ मिमी लावून ठेवता येते.